डावी बाजू

फैजपूरच्या डॉक्टर फिरक्यांनी कागदावर गोल काढला,
म्हणाले, हे ताट.
मधोमध रेघ. अर्ध्या भागात लिहिलं, तोंडी लावणं.
उरलेल्याचे दोन तुकडे: एकात भाकर, एकात डाळ.
कौतिकजिजी कागद फिरवून फिरवून बघत राहिली,
जणू वाटणीचा नकाशा आहे
आणि तिच्या वाट्याला नुसता बांध आलाय.
"मले आता चाराच खायाचा का वं?"

वाटणी तर आम्ही केलीच होती, अठरा वर्षांमागं.
सासूबाईंचं मांड्यांचं खापर तिनं नेलं,
लाकडी बडगी माझ्याकडे आली.
घर फोडल्याचं खापर मात्र
कुणाच्या डोक्यावर, ते ठरलंच नाही;
मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी
आम्ही ते एकमेकींकडे सरकवत राहिलो.

तिचा मांडा म्हणजे दोन्ही कोपरांवर झुलणारं धोतर,
गावातली लग्नं तिच्या हातासाठी तारीख बदलायची.
त्याच हाताच्या बोटाला आता रोज सकाळी टोचणी.
उपाशीपोटी दोनशे ऐंशी.
लीलाधर सुरतेहून फोनवर ओरडतो, भात बंद, गूळ बंद,
भिंतीतून मला सगळं ऐकू येतं.
आणि ती गप्प.
ती गप्प झाली की मला झोप लागत नाही,
ही सवय भांडणातली आहे.

मग मी बडगी धुतली.
बामणोदची वांगी आणली, हिरवी, पांढुरक्या रेघांची,
पऱ्हाट्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजली,
मिरच्या, लसूण, कांद्याची पात घालून कुटली.
आपल्याकडे भरीत तेलात पोहतं,
मी दोनच चमचे टाकले आणि चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं.
डबा तिच्या ओट्यावर ठेवून परत फिरले.
संध्याकाळी डबा घासून आला.
आत चार शेंगदाणे.
रिकामा डबा परत देऊ नये, एवढं तिच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी घोळाची भाजी.
मग मुळ्याचा किस, लिंबू पिळून.
मग मोड आलेली मटकी, जिला ती म्हणाली, ही तर पोरांची शाळेची.
मीठ कमी, हे तिनं सहन केलं,
मिरची कमी, हे नाही.

केळफूल मात्र एकटीनं होत नाही.
तिच्याच बागेतलं; सालदार सखाराम घड वाढावा म्हणून
मोडून टाकतो बांधावर, ढीगच्या ढीग.
केळं आता तिनं फक्त ट्रकमध्ये चढताना बघायचं,
पण फूल चालतं.
हाताला तेल लावून आम्ही तिच्या पडवीत बसलो.
जांभळी पात उचकटायची, फण्या काढायच्या,
एकेका फुलातली टिकलीवाली काडी, तो काचेसारखा पडदा,
दोन्ही काढून टाकायचे.
हजार फुलं असतील.
हजार फुलांना पुरेल एवढं बोलणं आमच्याकडे नव्हतं,
म्हणून तासभर नुसताच
ताकाच्या पातेल्यात पडणारा आवाज.
बोटं काळी पडली, दोघींची सारखीच.
मग तीच म्हणाली, "तुही बडगी कशी हाये?"
माणसाची विचारपूस करावी तशी.
म्हटलं, तळाशी चिरली. पण चालते.

परवा तिनं माळ्यावरून खापर उतरवलं.
माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं झालं,
हिला पुरणाची आठवण झाली.
पण एरवी जे चुलीवर पालथं घालायचं
ते तिनं उताणं ठेवलं,
खोलगट पोटात मूठमूठ जवस टाकले.
तडतडले.
दोघी वाकून बघत राहिलो.
लसूण तिचा, मिरची माझी, कुटणं बडगीत.

घर कुणी फोडलं, ते अजून निघालेलं नाही.
काल साखर एकशे शहाण्णव.
"अजून लय हाये," ती म्हणाली,
आणि उद्या अंबाडी आण,
पण कोवळी बघून,
तुले डावं-उजवं कधी कळलं नाही.