एकोणीस फ्रेम

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचा क्लास.
सहा लाइटबॉक्स, त्यातले चार चालू.
पहिला आठवडा चेंडू. नुसता चेंडू.
पडतो, चपटा होतो, उठतो,
दर वेळी थोडा कमी उठतो.

मग शाडू, बापट कॅम्पातून पिशवी भरून आणलेली.
माणसाचं बोट हलवायचं, फोटो काढायचा,
परत हलवायचं.
दुपारपर्यंत माझ्या माणसानं एकदा मान वळवली
आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा खांदा तडकला.
मग लग्नपत्रिका कापून केलेली बाई,
तिच्या पदरावर छापलेलं : कृपया आहेर आणू नये.

स्टोरीबोर्डला मी आबांना घेतलं.
सहा चौकटी. यार्ड लांबून. आबा येतात.
गुळाचा रवा. हात. पाठ. चालू लागले.
खाली बारीक अक्षरात : आवाज, सौद्याची बोली.

उत्तूरकर मॅडमनी चष्मा वर केला.
"गूळ उचलतोय का कापूस?
वजन रेषेत नसतंय, वैजू, वेळेत असतंय.
जा, मोजून ये."

मोजलं.
सकाळी आठला अडत दुकानाच्या पायरीवर,
मोबाइल गुडघ्याला टेकवून.
रात्री एकेक फ्रेम पुढं सरकवत बघितलं :
वाकतात. हात रव्याला लागतात.
मग काहीच होत नाही.
एकोणीस फ्रेम काहीच होत नाही,
डोक्याच्या टॉवेलची एक दशी तेवढी हलते.
विसाव्या फ्रेमला रवा जमीन सोडतो.

चुलतभावाच्या जुन्या फोनात एक क्लिप होती,
सात वर्षांपूर्वीच्या पाडव्याच्या सौद्याची.
तेच यार्ड, तीच फरशी,
तोच तीस किलोचा रवा.
सहा फ्रेम.

परत मोजलं. सहाच.

स्टोरीबोर्डात मी एक चौकट घुसवली,
हात आणि पाठ यांच्या मधे.
माणूस आणि गूळ. बाण नाही, आवाज नाही.
मॅडम म्हणाल्या, ह्यात घडतंय काय?
मला सांगता आलं नाही.
खोडलीपण नाही.

चित्रं काढली अडतीच्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर,
अठ्ठेचाळीस पानं, वरून काळी क्लिप.
आबा नुकते आले होते, हातपाय धुवायचे होते.
अंगठ्यानं एकदा फर्रकन सोडली.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
शेवटाकडून सोडली :

पाठीवरचा रवा अलगद खाली उतरला,
हातांनी त्याला सोडलं,
माणूस सरळ झाला
आणि मागं मागं चालत यार्डाबाहेर गेला.

"ह्याची हजेरी मिळती काय गं?"
हसले, आणि परत उलटंच सोडलं.

त्यांच्या अंगठ्याचा गूळ लागून
मधली दोन पानं चिकटली आहेत.
मी सोडवली नाहीत.
एकोणीसची आता अठरा.