दोन बोटं जागा

थेरवाकात कुणी काहीच हलक्यात घेत नाही.
दर नवव्या वर्षी, दोन्ही चंद्र एका रेषेत आले
की जमीन पकड सोडते:
एक रात्र, फार तर उजाडेपर्यंत.

आधी कळतं ते बदकांना.
ती तळ्यावर न बसता
तळ्याच्या वीतभर वर बसतात,
आणि ओरडत नाहीत.
मग ओर्दुनच्या भट्टीतली राख उठते,
मग पीठ, उशा, विसरलेली एखादी कोंबडी,
मग तळंच उठतं
अख्खं, माशांसकट,
आणि डोंगराला टेकून राहतं.
त्याच्या आरपार चंद्र पाहिलेली माणसं
पुढं महिनाभर हळू बोलतात.

आम्ही वाखाचे दोर वळणारे.
माझ्या आईच्या तळहातावर रेषाच उरल्या नव्हत्या,
हात बघणारा पैसे न घेता निघून गेला.
माणसाला एक दोर, गाईला तीन,
तान्ह्याला आईच्याच फासात.
छपरं आम्ही आदल्या दिवशी उतरवतो.
घराच्या मधोमध दगडी खुंट असतो,
त्याला नैवेद्य नाही, फक्त गाठी.

वजन परत येतं ते न सांगता, एकदम.
मग वर गेलेलं सगळं पडतं, कुणाचं कुठंही:
फाळ, पाळणे, किमेशकरांची छपरं
(ते आळशी, उतरवत नाहीत).
एकदा परक्या लिपीतला एक दरवाजा पडला
आणि शेतात उभाच रोवला गेला.
तो आम्ही अजून उघडलेला नाही.

इल्मोक गेल्या खेपेला गेला.
लोक म्हणाले, दोर तुटला असेल.
दोर तुटला नव्हता.
म्हणाले, गाठ सुटली असेल.
ती गाठ मी ठेवली आहे, बघा,
नखसुद्धा शिरत नाही तिच्यात.
गाठ तशीच होती.
गाठीतला माणूस सुटला होता.

त्या साली तो खाणीतून खोकत यायचा,
अर्धं ताट सारून उठायचा,
पाठ करून झोपायचा.
आणि मी फास बांधला तो आठवणीनं,
नऊ वर्षांपूर्वीच्या कमरेच्या मापानं,
जी तेव्हा माझ्या कवेत
जेमतेम मावायची.

वर जाताना त्यानं हाक मारली नाही.
टाचा तेवढ्या दिसल्या, भेगाळलेल्या.
तेल लावते म्हणत होते,
राहून गेलं.
पश्चिमेला समुद्र आहे, असं ऐकते.

यंदा नववं.
आता मी घरोघर जाते,
सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही,
हात घालून मोजते.
पोरी हसतात, गुदगुल्या होतात म्हणतात.
म्हातारी वेझ्रा लाजते,
"साठ वर्षांत कुणी एवढं धरलं नव्हतं गं."
कोण वाळलंय, कोण पोटुशी आहे,
कुणाच्या बरगड्या शेजारी झोपणाऱ्यालाही ठाऊक नाहीत,
सगळं माझ्या बोटांना ठाऊक.
वहीत मी फक्त माप लिहिते.

बदकं गप्प झाली.
सगळ्यांचं झाल्यावर मी माझा फास बांधते,
दोन बोटं जागा ठेवून.
कशाला, विचारते तेसाली,
हाताखाली शिकणारी पोर.
श्वासाला, म्हणते मी.

ती काही बोलत नाही.
जवळ येते, फासात बोटं घालून बघते.
तिची बोटं माझ्याहून बारीक.
"तीन आहेत," म्हणते.