उभ्यानं

सकाळी आठला पहिलं डोकं.
बारीक वेण्या, कमरेपर्यंत, म्हणजे सहा तास,
म्हणजे दाकारच्या या गल्लीतलं ऊन
समोरच्या शिंप्याच्या दारातून निघून
आमच्या उंबऱ्यावर पोचेपर्यंत.

सातवा महिना. घोट्याजवळ बोट दाबलं
की खळगा पडतो, आणि भरून यायला वेळ घेतो.
चपला आता नवऱ्याच्या घालते.

इथं पोटाबद्दल मोठ्यानं बोलत नाहीत, दृष्ट लागते.
मग पायांबद्दल तर कोण बोलणार?

उभं राहायच्याही युक्त्या असतात.
बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा,
त्यावर एक पाय. वीस वेण्या झाल्या की दुसरा.
पाणी प्यायचं, पण बेतानं.
संडास दोन घरं सोडून आहे
आणि मालकीण मिनिटं मोजते.
गिऱ्हाइकापुढे बसू नये, ती सांगते,
बसलेले हात आळशी दिसतात.
सांगते पंख्याखाली बसून.

पोट खुर्चीच्या पाठीला लागतं.
रोज बोटभर मागे सरकतेय मी.
हात तेवढेच, डोकी मात्र लांब लांब चाललीत.

शुक्रवारी म्हातारी कोडू आली,
उद्यावर नातवाचं नाव ठेवायचं होतं.
आरशात तिनं स्वतःचे केस पाहिलेच नाहीत,
पाहिलं माझ्याकडे.
मग उठली, वहाणा काढल्या,
कोपऱ्यातली चटई ओढून फरशीवर बसली.
"आमच्या वेळी डोकं खाली यायचं.
बस त्या खुर्चीवर."
मालकिणीनं तोंड उघडलं.
"पैसे माझे, डोकंही माझंच," कोडू म्हणाली
आणि विषय संपला.

मी बसले.
पाय आपले आहेत हे
पायांना उशिरा कळलं, मुंग्या येत येत.
तिचं डोकं माझ्या गुडघ्यांमधे, पोटाला टेकलेलं,
केसांना शिया लोण्याचा आणि धुराचा वास.
तीन पेड. तीन पेड. तीन.
अर्ध्यावर आतून लाथ बसली
थेट तिच्या मानेच्या वर.
ती वळली नाही. तोंडातली काडी काढून एवढंच म्हणाली,
"भांग वाकडा गेला वाटतं. पोर नीट बघतंय."

शनिवारी आठला पुन्हा पहिलं डोकं.
कॉलेजातली मुलगी, नजर फोनमध्ये.
मी क्रेट पायानं सरकवला, डावा पाय वर घेतला,
पंख्याकडे न बघता
विचारून टाकलं,
बाळा, चटईवर बसतेस का?