उणे साठ

जवळ म्हणजे नेमकं किती,
हे ठरवायचा मला पगार मिळतो.

पावणे एमआयडीसीत
पारसिकच्या डोंगराकडे पाठ केलेलं शीतगृह.
आत उणे अठरा : मटार, कोळंबी, आईस्क्रीमचे खोके.
बाहेर सदतीस आणि घाम.
मधे एक दार, ताडपत्रीसारखं जाड,
सव्वा सेकंदात गुंडाळत वर जाणारं.

आधी इथे साखळी होती.
आता खिशात फोन असला की झालं.
फोन सेकंदाला दोनदा आपलं नाव पुटपुटतो
आणि दार कान देऊन मोजत बसतं,
पोचेपोचेपर्यंत आवाज किती विरला.
उणे नव्वद, म्हणजे रस्त्यापलीकडे कोणीतरी.
उणे पंचाहत्तर, ट्रकच्या आडोशाला.
उणे साठ : ये.

जवळीक उण्यात मोजतात
हे आयटीआयमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.
शून्य कधी लागत नाही.
फोन दाराच्या डबीला चिकटवून पाहिला मी,
तरी उणे बत्तीस.

तक्रार अशी होती :
संध्याकाळी पावणेसहा ते सव्वासहा
दार आपसूक उघडतं. समोर चिटपाखरू नसतं.
थंडी सांडते, कॉम्प्रेसर धापा टाकतो,
बिल बघून पिल्ले साहेब म्हणतात,
भूत असेल तर त्याचंही नाव काढा यादीतून.

अँटेना फिरवली, केबल बदलली,
पंख्याला उगाच दोष दिला.
शेवटी नोंदी उघडल्या.
क्रमांक एकवीस. दिघोळे प्रल्हाद. फोर्कलिफ्ट.
काम सोडलं : एकतीस मार्च.
नाव काढायचं राहिलेलं.

दाराच्या कडेची भिंत विटांची, नऊ इंची.
पलीकडे गल्ली, गल्लीत टपरी,
टपरीचं बाकडं आमच्या भिंतीला टेकलेलं.
बाकड्यावर एक माणूस कटिंग फुंकत होता,
फोन शर्टाच्या वरच्या खिशात.

आता शेजारी पुठ्ठ्याच्या कंपनीत आहे म्हणाला,
चहा मात्र इथलाच लागतो.
रोज ऐकतो ना मी, फर्रर होतं ते,
वाटायचं कोणाची तरी गाडी लागली.
मग ग्लास खाली ठेवला.
माझ्यासाठी होय?

दाखव म्हणाला.
मी आतून बघत राहिलो, फोनवर.
तो गल्लीच्या टोकाला गेला. पडलं.
बाकड्याशी आला. उघडलं.
गेला. आला. परत गेला,
टपरीवाला बघत राहिला, हा माणूस
चहा अर्धा टाकून शतपावली का करतोय.
भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू आलं
आणि नंतर हे :
सात वर्षं साखळी ओढली,
खांदा आखडला माझा,
तेव्हा हा कधी एक इंच हलला नाही आपणहून.

गेटवरून आत घेतला त्याला, पाहुणा म्हणून सही करून.
एकवीस निवडला.
यंत्राने विचारलं, खात्री आहे का?
माझा अंगठा तिथेच राहिला.
दाब की, म्हणाला दिघोळे,
थंडी वाया चाललीये.

तो गेल्यावर गाडीपाशी आलो तर
टेस्टर आत राहिलेला.
परत गेलो. दारासमोर उभा. काही नाही.
अजून एक पाऊल. काही नाही.
नोंद पाहिली : उणे अठ्ठ्याहत्तर,
जणू मी रस्त्यापलीकडे.

मग ध्यानात आलं.
जोडाचे दोन फोन, हातातला मोजायचा,
आणि यादीतला, नाव सांगणारा, मागच्या खिशात.
मधे मी.
हे मीच शिकवतो सगळ्यांना :
फोन पुढे ठेवा, माणूस बराचसा पाणी असतो,
लहर पिऊन टाकतो.

वळलो. दाराकडे पाठ केली.
फर्रर.
मानेवर गार वारा आला,
मटाराचा वास असलेला.