जादा कान

खमीसचं काम साधं होतं:
नाव कुठे आहे, बर्फ किती टिकलाय,
दोन्ही त्याच्या मोबाइलवर, घरबसल्या.
रास अल खैमाच्या खाडीतली लाकडी लाँच,
इंजिन जपानी, तांडेल गुजराती,
आणि डबा बनवणारा मी, हर्णैचा,
दिवसभर दुसऱ्यांचे एसी गार करणारा.

बोर्ड स्वस्तातला, निळा, तळहाताएवढा.
बाहेर काढलेला सिरियल पोर्ट एकच.
बोलणारे तीन.
जीपीएस दर सेकंदाला, कुणी विचारो न विचारो.
मोडेम विचारलं तरच, तेही सावकाश.
बर्फाच्या खणातला सेन्सर तोंडातल्या तोंडात.

आधी जुगाड केला. साध्या पिनांना
प्रोग्राम लिहून कानाचं सोंग शिकवलं.
एकाचं ऐकावं तर दुसऱ्याचं अक्षर गळायचं.
एक ना धड, भाराभर चिंध्या.
एकदा अक्षांशातला पाच गळाला,
पंचवीसचे दोन उरले,
आणि नाव गेली थेट विषुववृत्तापाशी.
खमीस समोर बसून सुलेमानी पीत होता,
त्याच्या पाठीमागे तीच नाव, दोराला बांधलेली.
त्याने स्क्रीन पाहिला. म्हणाला,
"मुबीन, डिझेल फार लागलं असेल."

खोलीत आम्ही सात. दिवा दहाला बंद.
म्हणून स्वयंपाकघर, शाजहानच्या मीनकरीशेजारी
कथलाचा धूर.
तो खोकायचा, मल्याळममध्ये काहीतरी म्हणायचा
आणि ओट्याच्या कोपऱ्यात एक पोरोट्टा झाकून जायचा.
डेटाशीट हजारावर पानांची,
फुटक्या काचेवर अंगठ्याने सरकवत.
सातव्या रात्री तक्ता सापडला.
चिपच्या पोटात सिरियलचे संच सहा आहेत.
सहा!
काही बोर्डवाल्यांनी वापरले,
बाकीचे बिघडलेले नव्हते, झोपलेलेही नव्हते,
त्यांना कुणी पिनच दिली नव्हती.
हातचे राखलेले.

मग फार काही नसतं.
दहाव्या पिनेला सांगायचं, आजपासून तू बोलणारी,
अकरावीला, तू ऐकणारी.
त्यांचं आधीचं काम काढून घ्यायचं.
आणि अक्षर दाराशी आलं की कुणी उठायचं,
त्याचं नाव लिहून ठेवायचं.
ते नाव लिहायचं मी विसरलो. दोन रात्री गेल्या.

तिसऱ्या रात्रीही सगळं गप्प.
तोंडाला तोंड जोडलं होतं मी, कानाला कान.
शिकाऊ पोराची चूक. पाना हातात असता
तर स्वतःच्याच डोक्यात घातला असता.
पिवळी वायर तिकडे, हिरवी इकडे.

आणि आलं. डॉलरच्या खुणेपासून शेवटच्या आकड्यापर्यंत
अख्खं, पाच जागच्या जागी.
त्याच क्षणी शेजारी मोडेमचं ओके,
तिसऱ्यावर उणे एक.
कुणी कुणाला थांबवलं नाही.

मी ओरडलो बहुतेक. शाजहान उठून आला.
त्याची मल्याळम, माझी मराठी,
मधली हिंदी दोघांचीही फाटकी.
"तीन कान," मी बोटं दाखवली.
त्याने माझे दोन मोजले
आणि गॅस बंद आहे का ते पाहिलं.

शुक्रवारी अम्मीचा फोन. ती अशीच,
मी बोलू लागलो की तीही बोलते.
बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात म्हणे,
माझे गहू पडून राहतात.
आजवर म्हणायचो, आधी तू, मग मी.
या वेळी म्हटलं नाही.
छपराचे कोने, फौजियाचं बाळंतपण, बांगड्याचा भाव
तिकडून येत राहिलं,
इकडून माझा पगार, खोकला, निळा बोर्ड
जात राहिला.

फोन ठेवला. चप्पल शोधत होतो,
तेव्हा मागे पडलेलं एक वाक्य
सावकाश माझ्यापर्यंत पोचलं:
डाव्या कानानं हल्ली काही येत नाही रे.

परत लावला. लागेना.