ओलं फडकं

मंदा महिना कॅलेंडरात बघते,
मी बॉनेट उघडून.
आमच्या हेराल्डचं बॉनेट पुढं कलतं, थेट बंपरपर्यंत,
सुसरीनं जबडा वासावा तसं,
आणि आत कळतं बाहेर काय चाललंय ते.

कात्रजच्या घाटात ठरल्या वळणावर थांबली
की वैशाख.
पंपात पेट्रोलची वाफ होते, नळीत नुसती हवा,
सेल्फ फिरतो, फिरतो, नाद सोडतो.
मागचे ट्रकवाले भोंगा दाबून
आमच्या वाडवडिलांची चौकशी करतात.
मंदा पिशवीतून जुन्या इरकलीचा तुकडा काढते,
तांब्यात बुडवते,
पंपाला गुंडाळते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
वीस मिनिटं.
तेवढ्यात अर्धं कलिंगड संपतं.
इलाज खडकीच्या इनास मिस्त्रीचा.
तो गेला. त्याच्या गाळ्यात आता
मोबाइलची कव्हरं मिळतात.

आषाढात ती कुणाला दिसत नाही.
पार्किंगच्या कोपऱ्यात चार विटांवर, ताडपत्रीखाली,
सीटखाली डांबराच्या गोळ्या, उंदरांसाठी.
बॅटरी वर आमच्या दिवाणाखाली,
पाहुण्यांना आम्ही सांगत नाही.
रविवारी ती खाली नेतो, दहा मिनिटं इंजिन चालवतो,
दुसऱ्या मजल्यावरचे दाभाडकर
खिडकी लावून घेतात, आणि मग खोकतात.

गंज तरीही येतो.
दाराच्या खालच्या कडेनं, न विचारता,
घरचाच असल्यासारखा.
पूर्वी मी त्याच्याशी भांडायचो.

ऑक्टोबरात चारी बाजूंनी उघडून तिला ऊन दाखवायचं.
रेक्झिन तडकतं, वास काही जात नाही.

मार्गशीर्ष तिचा खरा.
पहाटे काच दवानं आंधळी, चोक पुरता ओढलेला,
दोनदा खोकते, तिसऱ्यांदा बोलते.
गार हवा तिला मानवते. मलाही,
गुडघे सोडले तर.

म्हणून तर जुन्या गाड्यांचा मेळा याच दिवसांत.
हिरवळीवर रांग, क्रोमला चेहरे दिसतात,
लोक उभ्या उभ्या सांगतात, आमच्या काकांकडं होती अशीच.
यंदा मात्र आभाळ भरून आलेलं.
परीक्षक वयानं गाडीच्या निम्मा,
वाकला, टॉर्च मारला.
काका, हे काय?
पंपाला तो तुकडा, मेपासून तसाच,
वाळून कडक, काठ अजून जांभळा.
हे मूळ गाडीत नसतं, म्हणाला,
आणि दोन गुण कापले.
मद्रासहून ती निघाली तेव्हा
पुण्याचा उन्हाळा तिच्या कागदांत नव्हता,
असं काहीतरी मी म्हणणार होतो.
मंदाच म्हणाली,
माझ्या आईची साडी आहे, गाडीहून जुनी.
ओरिजिनल इरकल.
त्यानं ते कुठं लिहावं, त्याला कळेना.

मग थेंब आले.
माणसं भिजत राहिली, गाड्या झाकल्या गेल्या.
आमचं कव्हर घरी गच्चीवर, वाळत.
निघालो तसेच.

स्वारगेटला येईतो काच आतून धुरकटली,
हीटर या गाडीला कधी नव्हताच.
मंदानं पिशवीतून तुकडा काढला,
पंपावरून सोडवून कधी घेतला, कोण जाणे.
गाडीभर पेट्रोलचा वास.
पूस लवकर, म्हटलं, मला रस्ता दिसत नाही.

तिनं आधी
आपल्या बाजूची पुसली.