रुजू तारीख

टाइम ऑफिसातला प्रिंटर सकाळपासून कुरकुरतोय.
एकशे बारा नेमणूकपत्रं काढायचीत आज.
साहेब म्हणाले, कायदा बदललाय,
आता प्रत्येकाच्या हातात कागद हवा,
एकोणतीस कायद्यांचे मिळून चार झालेत.
मी विचारलं, मग बाकीचे पंचवीस?
"त्यातच मुरलेत," म्हणाले,
लोणच्याबद्दल बोलावं तसं.

नाव, हुद्दा, मूळ वेतन,
रुजू तारीख.
हा रकाना सगळ्यांचा सारखाच,
या महिन्याची एक.
वरचा भरून खाली ओढला की झालं.
भोसरीच्या एस ब्लॉकात
एकशे बारा माणसं एकाच दिवशी जन्मली,
काहींना नातवंडं आहेत.

पॅकिंगमधल्या रुक्साना अत्तारनं
कागद आधी उलटा करून पाहिला.
मागे कोरा.
मग पुढून वाचला, बोट फिरवत, हळूहळू,
नावापाशी थांबली. "त जोडलेला आहे. बरोबर."
आणि घडी न घालता घेऊन गेली, दोन्ही हातांनी,
काठोकाठ भरलेली ताटली न्यावी तशी.
मला बरं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत काशिनाथ बनखेले आला.
मंचरकडचा. प्रेस शॉप.
तीन ठेकेदार झाले त्याचे:
निळा शर्ट, करडा शर्ट, पुन्हा निळा,
आतला माणूस तोच.
कागद टेबलावर पसरून म्हणाला,
"भाऊसाहेब, एवढं एक समजावा."
उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे त्याची.
तिनं तारीख दाखवायला गेला,
तारखेच्या जरा अलीकडेच संपली.

"हे गेलं, तेव्हा मी कुठं होतो?"

मी म्हणालो, नवा करार, नवी नेमणूक,
आता ग्रॅच्युइटीसुद्धा वर्षभरात बसते,
पाच वर्षं वाट बघायला नको.
खोटं नव्हतं त्यात काही.
"बसते ना," तो म्हणाला, "पुढची बसते.
मागची उभीच आहे की, एकोणीस वर्षं."

मग डब्याच्या पिशवीतून काढले गेटपास.
पहिल्यावर मिशी काळी,
स्टेपलचा गंज कपाळावर उतरलेला.
दुसऱ्यावर चष्मा. तिसऱ्यावर
फोटोवाल्यानं मागे लावलेला पडदा जास्त दिसतो, तो कमी.
तिन्हींवर ठेकेदाराचंच नाव, कंपनीचं नाही.
सगळ्यात खाली, प्लॅस्टिकमध्ये,
ईएसआय दवाखान्याचा कागद:
उजवी तर्जनी, प्रेस मशीन, रात्रपाळी, तारीख,
आणि घटनास्थळ म्हणून कंपनी, पूर्ण पत्त्यासकट.
"आमची दोघांची नावं एकत्र
एवढ्याच कागदावर आहेत," म्हणाला,
लग्नपत्रिका दाखवावी तसा.

मी काही बोललो नाही.
झेरॉक्सचं झाकण उघडलं,
तीन प्रती काढल्या कंपनीच्या शाईवर.
एक त्याला. एक वाकडेवाडीच्या कामगार कचेरीत द्यायला,
अर्ज कसा लिहायचा तेही सांगितलं,
तारखा आधी लिही, तक्रार नंतर.
तिसरी का काढली, माहीत नाही.
ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पावणेसहाला एकशे बारावं पत्र निघालं.
नाव ओळखीचं होतं, सकाळी मीच टाइपलेलं.
हुद्दा: लिपिक. रुजू: या महिन्याची एक.
आठ दिवाळ्या इथल्या सोनपापडीच्या खोक्यांवर मोजल्यात मी,
पण खोक्यांवर नाव नसतं कुणाचं.
खाली छापलंय, वरील मजकूर वाचला, मान्य आहे.
पेनचं टोपण काढलं.
हात टेबलावर उताणे ठेवून पाहिले,
मग पालथे.

माझी तर दहाही बोटं शाबूत आहेत.
मी काय दाखवणार?